कोऱ्या आकाशात ढग भरताना: आधी जमिनीवरचा उजेड, मग फिल्टर

प्रश्न थोडक्यात असा आहे. मे महिन्यात सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या तटाजवळ आणि सिद्धेश्वर तलावाच्या काठावर एका जोडप्याचं प्री-वेडिंग शूट झालं. सगळ्या फ्रेममध्ये आकाश पांढरंफटक आलं. फोटोशॉपच्या क्लाउड्स फिल्टरने ढग टाकून पाहिले, तर ढगाऐवजी धूर वाटतो. अल्बमच्या मोठ्या पानावर तेच ढग बारीक, गिचमिड दिसतात. झाडाच्या पानांभोवती पांढरी कड राहते. शेवटी नेटवरचं तयार आकाश लावलं, तर जोडपं कापून चिकटवल्यासारखं दिसायला लागलं. ग्राहकाला अल्बम द्यायचा आहे, तेव्हा नेमकं काय करावं?

मी सोलापुरात बरीच वर्षं अल्बम डिझाइन आणि रीटचिंगचं काम करतो. ही तक्रार उन्हाळा आला की प्रत्येक स्टुडिओतून ऐकू येते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. गिचमिड ढग आणि पांढरी कड या दोन गोष्टी तांत्रिक आहेत, त्यांवर ठरलेले उपाय आहेत आणि ते खाली येतील. पण जोडपं चिकटवल्यासारखं दिसणं ही तक्रार कोणत्याही फिल्टरने जाणार नाही. फोटोत जमिनीवर जो उजेड पडलेला आहे, तो कुठल्या आकाशातून आला हे त्या फोटोतच लिहिलेलं असतं. वर टाकलेलं आकाश त्या उजेडाशी जुळलं नाही, तर बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण खटकतं मात्र नक्की.

तेव्हा फोटोशॉप उघडल्यावर पहिली पाच मिनिटं काहीही करू नका, फक्त सावल्या पाहा. नाकाची सावली कुठे पडली आहे? तटाच्या दगडांच्या खाचा कोणत्या बाजूने काळ्या आहेत? पायाजवळची सावली लांब आहे की पायातच गोळा झाली आहे? सोलापूर साधारण साडेसतरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य जवळपास थेट डोक्यावर येतो. त्या वेळच्या फोटोत डोळ्यांच्या खोबणीत अंधार असतो आणि हनुवटीखाली गडद पट्टा दिसतो. अशा फोटोवर संध्याकाळचे, बाजूने सोनेरी उजळलेले ढग लावले की खेळ तिथेच संपला. डोक्यावरच्या सूर्यात ढगाचा माथा उजळतो आणि आपल्याकडे असलेला तळ करडा राहतो. दुपारच्या फोटोला तसेच ढग हवेत.

सूर्य फोटोग्राफरच्या पाठीशी असेल, तर समोरचे ढग सपाट पांढरे दिसतात आणि निळा रंग गडद असतो. सूर्य जोडप्याच्या मागे असेल, म्हणजे केसांवर उजळ कड आली असेल, तर समोरच्या आकाशात ढगांचा गाभा करडा आणि कडा चमकदार असायला हव्यात. आकाशाचा निळा सर्वांत गडद दिसतो तो सूर्यापासून काटकोनात. एवढं लक्षात ठेवलं तरी नेटवरची दहापैकी बरीच आकाशं पाहताक्षणी बाद होतात आणि निवड सोपी होते.

ढग किती उजळ ठेवायचा, हाही अंदाजाचा प्रश्न नाही. उन्हातला जाड पांढरा ढग आणि उन्हातलं पांढरं कापड यांची चमक साधारण सारखीच असते. मुलाने पांढरा कुर्ता घातला असेल आणि उन्हातल्या भागावर इन्फो पॅनलमध्ये (तिथे ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पूर्ण पांढरा) २४० च्या आसपास आकडा दिसत असेल, तर ढगाचा उजळ भागही तिथेच कुठेतरी ठेवा. बहुतेक जण ढग १८० ते २०० वर ठेवतात, कारण ते जास्त 'उठावदार' वाटतात. मग उजळ माणसं आणि मंद आकाश असा उलटा प्रकार होतो, स्टुडिओतल्या पडद्यासमोर फ्लॅश मारल्यासारखा.

आता फिल्टरकडे येऊ. फिल्टर मेनूतल्या रेंडरमध्ये क्लाउड्स आणि डिफरन्स क्लाउड्स असे दोन आहेत. क्लाउड्स हा फोरग्राऊंड आणि बॅकग्राऊंड या दोन रंगांमधल्या छटा यादृच्छिकपणे पसरवतो. त्याला ढग म्हणजे काय ते ठाऊक नाही. सूर्य कुठे आहे, खाली कोण आणि वर कोण, हेही ठाऊक नाही. अशा नक्षीमागचा विचार संगणकशास्त्रज्ञ केन पर्लिन यांनी मांडला. ते १९८२ च्या 'ट्रॉन' चित्रपटाच्या संगणकीय दृश्यांवर काम करत होते. संगणकाने काढलेले पृष्ठभाग फार गुळगुळीत, यांत्रिक दिसतात या असमाधानातून त्यांनी 'नॉइज'ची पद्धत शोधली. १९८५ मध्ये ती प्रसिद्ध केली आणि १९९७ मध्ये त्यांना त्यासाठी ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. त्या पद्धतीतली एक गोष्ट आपल्या रोजच्या कामाची आहे: मोठे आकार, त्यांवर मध्यम, त्यांवर बारीक, असे वेगवेगळ्या मापांचे थर एकत्र केले की निसर्गातल्यासारखा पोत तयार होतो. फोटोशॉपमध्ये हे थर आपण हाताने लावू शकतो, आणि गिचमिड ढगांवरचा इलाज तोच आहे.

गिचमिड का होते ते आधी समजून घ्या. क्लाउड्स फिल्टरच्या नक्षीचं माप पिक्सेलमध्ये ठरलेलं असतं, ते फाइलच्या आकाराप्रमाणे वाढत नाही. बारा बाय छत्तीसचं पान ३०० रिझोल्यूशनला घेतलं, तर ते ३६०० बाय १०८०० पिक्सेल होतं. एवढ्या पानावर थेट फिल्टर चालवला की त्याच मापाचे गोळे शेकड्याने भरतात. म्हणून १०२४ बाय १०२४ ची वेगळी फाइल उघडा. डी दाबून रंग काळा-पांढरा करा आणि तिथे क्लाउड्स चालवा. आवडला नाही तर पुन्हा चालवा, प्रत्येक वेळी नवी नक्षी येते. ऑल्ट दाबून ठेवून मेनूतून निवडला, तर जास्त कडक, ठळक नक्षी मिळते. ही नक्षी अल्बमच्या पानावर आणून पाच-सहा पट मोठी करा. ती मऊ होईल, होऊ द्या. ढग कुठे आहे आणि मोकळी जागा कुठे आहे, एवढंच तिने ठरवायचं आहे.

मग तशीच दुसरी नक्षी घ्या, ती फक्त दोनेक पट मोठी करा आणि पहिलीवर ओव्हरले मोडमध्ये (उजळ-गडद फरक वाढवणारी मिसळ) चाळीस-पन्नास टक्के अपॅसिटीने, म्हणजे अर्धपारदर्शक, ठेवा. हवी तर तिसरी मूळ मापात, पंधरा-वीस टक्क्यांनी. तिन्ही मर्ज करा आणि त्यानंतर लेव्हल्स (काळा, मधला आणि पांढरा सरकवायची सोय) लावा, आधी नाही. काळा स्लायडर आत ओढला की जागोजागी काळं मोकळं होईल आणि उरलेल्या पांढऱ्याची कड बारीक नक्षीमुळे फाटकी, पिंजलेली येईल. ढगाची कड अशीच असते. लेव्हल्स आधी लावून मग थर चढवले तर कडा मऊच राहतात आणि परत धूर दिसतो. धूर दिसण्याचं सर्वांत मोठं कारण हेच की काळा स्लायडर पुरेसा आत ओढलेला नसतो, आणि सगळ्या आकाशावर अर्धवट करडेपणा पसरून राहतो.

एक सूचना बाजूची. १०२४ किंवा २०४८ अशा दोनच्या घातांकाच्या मापात ही नक्षी चारी बाजूंनी बिनजोड जुळते, म्हणून ती शेजारी शेजारी लावून मोठं आकाश भरायचा मोह होतो. तसं करू नका. आपल्या सोलापुरी चादरीवर जशी एकच बुट्टी ठरावीक अंतराने परत परत येते, तसा ढग परत येतो आणि पान उघडताच डोळा तिथेच जातो. चादरीत ती शोभा आहे, आकाशात तो दोष आहे.

आता या काळ्या-पांढऱ्या चित्राला दूरत्व द्यायचं आहे. बहुतेकांचं काम इथेच फसतं, म्हणून थोडं थांबून सांगतो. ढगांचा तळ जमिनीपासून दीड किलोमीटरवर आहे असं धरा. मान वर करून ४५ अंशांवर दिसणारा ढग आपल्यापासून आडव्या अंतराने दीडच किलोमीटरवर असतो. १० अंशांवर दिसणारा साडेआठ किलोमीटरवर, आणि क्षितिजाच्या वर ५ अंशांवर दिसणारा थेट सतरा किलोमीटरवर. म्हणजे फ्रेमच्या वरच्या भागात जेवढ्या जागेत एक ढग मावतो, तेवढ्याच जागेत क्षितिजाजवळ चपटे होऊन कितीतरी ढग दाटतात. फिल्टरची नक्षी मात्र वरपासून खालपर्यंत एकाच मापाची असते. ती भिंतीसारखी उभी वाटते, छतासारखी डोक्यावरून जात नाही. म्हणून फ्री ट्रान्सफॉर्ममध्ये जाऊन पर्स्पेक्टिव्हने वरचे कोपरे भरपूर बाहेर ओढा आणि मग खालचा भाग उंचीत दाबा. संकोचाने थोडंसं करू नका. वरची कड खालच्या कडेच्या तिप्पट-चौपट रुंद झाली, तरच क्षितिजाकडची दाटी नीट दिसते.

लेन्सचंही भान ठेवा. फुल फ्रेमवर ८५ एमएमने आडवं सुमारे २४ अंशांचं दृश्य टिपलं जातं, तर २४ एमएमने सुमारे ७४ अंशांचं. अर्ध्या आकाशाचा वाइड फोटो ८५ ने काढलेल्या पोर्ट्रेटमागे लावला की ढग खेळण्यातले वाटतात. ८५ सारख्या टेलेच्या फोटोत आकाशाचा छोटासाच तुकडा असतो, तेव्हा ढगही मोठा, एखाद-दुसराच आणि मऊ हवा. १.८ च्या अॅपर्चरने तटबंदी विरघळली असेल आणि मागचा ढग मात्र धारदार असेल, तर ते डोळ्याला पटत नाही. गाऊशन ब्लर तटबंदीच्या मऊपणाशी ताडून द्या.

हे काळं-पांढरं चित्र थेट फोटोवर ठेवण्यापेक्षा मी ते मास्क म्हणून वापरतो, म्हणजे त्यात पांढरं असेल तिथे लेअर दिसतो आणि काळं असेल तिथे लपतो. आधी खाली आकाशाचा ग्रेडियंट: वर गडद निळा, क्षितिजाकडे फिकट होत जाणारा. क्षितिजाकडे बघताना हवेचा जास्त जाड थर मध्ये येतो, म्हणून तिथला निळा फिका पडतो. आपल्याकडे उन्हाळ्यात धुळीमुळे त्यात मातकट पिवळसर झाक येते, ती जरूर ठेवा. काश्मीरचा निळा सोलापूरच्या मे महिन्यावर शोभत नाही. ग्रेडियंटवर सॉलिड कलरचा फिल लेअर घ्या, किंचित उबदार पांढरा. मग ते काळं-पांढरं चित्र कॉपी करा, फिल लेअरच्या मास्कवर ऑल्ट-क्लिक करा आणि तिथे पेस्ट करा. याचा फायदा असा की ढगाचा रंग कधीही बदलता येतो, दाटी मास्कच्या लेव्हल्सने कमी-जास्त होते आणि खालचा निळा अबाधित राहतो. ग्राहक म्हणाला, 'ढग थोडे कमी करा', की एका मिनिटाचं काम.

सावली देण्यासाठी त्यावर निळसर करड्या रंगाचा आणखी एक फिल लेअर घ्या आणि तो पांढऱ्याला क्लिप करा, म्हणजे तो फक्त ढगापुरताच दिसेल. पांढऱ्याचा मास्क त्यावर कॉपी करा, उलटा करा आणि सूर्य ज्या बाजूला आहे त्या बाजूला थोडा सरकवा. मग ब्लर द्या. सूर्याकडची कड पांढरी राहील आणि पाठीमागची करडी होईल. दुपारचा फोटो असेल तर मास्क वरच्या दिशेने सरकवा, करडा रंग तळाशी येईल. किती सरकवायचं हे ढगाच्या मापावर आहे, डोळ्याने ठरवा. शेवटी क्षितिजापासून वर विरत जाणारा, त्याच मातकट फिकट रंगाचा एक ग्रेडियंट सगळ्यावरून फिरवा. दूरचे ढग धुरकट झाले की पूर्ण आकाश मागे जाऊन बसतं.

एवढं करूनही एक मर्यादा उरते, ती स्पष्ट सांगतो. पुंजक्या-पुंजक्यांचे, कापसासारखे पांढरे ढग या फिल्टरने खरे दिसत नाहीत. त्यांचा तळ सपाट असतो. वर चढणारी हवा ठरावीक उंचीवर पुरेशी थंड होते आणि तिथेच बाष्पाचे थेंब बनायला लागतात, म्हणून एका भागातल्या अशा सगळ्या ढगांचे तळ जवळपास एका पातळीवर दिसतात. क्लाउड्सच्या नक्षीत असा तळ नसतो. हा फिल्टर विरळ थर, धुकं, झाकोळ यांसाठी उत्तम. पिसासारख्या उंच ढगांसाठीही चालतो: नक्षी आडवी ताणा, दहा-पंधरा अंशांत मोशन ब्लर द्या, अपॅसिटी कमी करा. वादळी आकाशासाठी क्लाउड्सवर डिफरन्स क्लाउड्स चार-सहा वेळा चालवा. काळ्या शिरा उमटत जातात, त्या मोठ्या करून गडद करड्या ग्रेडियंटवर मल्टिप्लाय मोडमध्ये (खालचं गडद करणारी मिसळ) ठेवल्या की वळवाच्या आधीचं आभाळ मिळतं. वीज हवी असेल तर काळ्या-पांढऱ्या ग्रेडियंटवर एकदा डिफरन्स क्लाउड्स, मग इन्व्हर्ट, मग लेव्हल्समध्ये मधला स्लायडर उजवीकडे. जिथे काळा-पांढरा मिळतात तिथे नागमोडी प्रकाशरेषा उरते. लग्नाच्या अल्बमात मात्र वीज टाकू नका.

पुंजक्यांच्या ढगांसाठी खऱ्या फोटोपासून ब्रश बनवा. निळं आकाश आणि पांढरे ढग असलेल्या फोटोत रेड चॅनेल पाहा. निळ्यात लाल जवळजवळ नसतो, पांढऱ्यात पूर्ण असतो, त्यामुळे त्या चॅनेलमध्ये आकाश काळसर आणि ढग पांढरा, असा सर्वांत चांगला फरक मिळतो. त्याची कॉपी करा, लेव्हल्सने आकाश पूर्ण काळं करा, इन्व्हर्ट करा आणि एडिट मेनूतून डिफाइन ब्रश प्रीसेट. ब्रशच्या सेटिंगमध्ये साइझ जिटर (मापातला आपोआप होणारा फेरफार) मोकळा ठेवा, अँगल जिटर मात्र चार-पाच टक्क्यांच्या वर नेऊ नका, आणि फ्लिप वाय जिटर बंदच ठेवा, कारण ढग उलटा झाला की सपाट तळ वर जातो. फ्लिप एक्स चालेल. पण ब्रश बनवलेल्या फोटोतला सूर्य कोणत्या बाजूला होता हे लक्षात ठेवा, आडवा फिरवलेला ढग उजेडही उलटा घेऊन येतो.

जिम्प वापरणाऱ्यांसाठी: फिल्टर्स, रेंडर, नॉइज या वाटेने सॉलिड नॉइज आणि डिफरन्स क्लाउड्स मिळतात. सॉलिड नॉइजमध्ये एक्स साइझ आणि वाय साइझ वेगळे देता येतात. वायचा आकडा एक्सपेक्षा मोठा ठेवला की ढग आडवे, लांबट होतात. फुकटचं सॉफ्टवेअर आहे आणि या कामाला पुरतं.

फोटोशॉपमध्ये ऑक्टोबर २०२० पासून एडिट मेनूत स्काय रिप्लेसमेंट आलं आहे. ते वाईट नाही, उलट मास्क बराच चांगला काढतं. पण त्यातली तयार आकाशं सगळ्या जगाने पाहिलेली आहेत. तिथे स्वतःचं आकाश लोड करा, आउटपुट नेहमी न्यू लेअर्सवर घ्या, म्हणजे मास्क हाताने सुधारता येतो. टेम्परेचर आणि ब्राइटनेस जुळवा. फोरग्राऊंडचा कलर अॅडजस्टमेंट स्लायडर मात्र जपून वापरा, नाहीतर नवरीच्या हिरव्या शालूचा रंग हलतो आणि ती तक्रार घरच्या बायकांकडून हमखास येते.

आता पांढरी कड. तुमच्या फोटोतलं आकाश जळून पूर्ण पांढरं झालेलं आहे, आणि हे इथे फायद्याचं आहे. नवीन आकाश मल्टिप्लाय मोडमध्ये ठेवा. पांढऱ्यावर मल्टिप्लाय केलं की तिथे आकाश जसंच्या तसं उमटतं, आणि काळसर पानांवर जवळजवळ काहीच फरक पडत नाही. कडुलिंबाची पानं, बाभळीच्या फांद्या, उडणारे केस, विजेच्या तारा, सगळं न कापता आपोआप मागे-पुढे बसतं. मास्क फक्त चेहरा, कपडे आणि उजळ दगड यांच्यापुरता, आणि तो मोठ्या मऊ ब्रशने. आकाश अगदी पांढरं नसून फिकट करडं असेल, तर आधी त्या भागावर लेव्हल्स लावून ते पांढरं करून घ्या. ब्लेंड इफचा (उजळ-गडदपणाप्रमाणे लेअर लपवणारा) स्लायडर ऑल्टने दुभागून वापरला तरी हेच साधतं. पेन टूलने झाड कापत बसण्यात दिवस घालवू नका.

सिद्धेश्वर तलावाच्या फ्रेममध्ये आणखी एक काम आहे, ते विसरलं तर बाकी सगळं वाया. पाण्यात आकाश दिसायला हवं. फोटोशॉपचं स्काय रिप्लेसमेंट पाण्याला हात लावत नाही. आकाशाच्या लेअरची कॉपी उभी उलटी करा, पाण्यावर ठेवा, मूळ आकाशापेक्षा थोडी गडद आणि कमी कॉन्ट्रास्टची करा. दूरच्या पाण्यात प्रतिबिंब ठळक, आणि आपल्या पायाजवळच्या पाण्यात पुसट, कारण तिरप्या नजरेला पाणी आरशासारखं वागतं आणि सरळ खाली पाहिलं तर फार थोडा प्रकाश परत येतो. म्हणून मास्कवर वरून खाली विरणारा ग्रेडियंट द्या. लाटा असतील तर उभा मोशन ब्लर आणि थोडा रिपल. मंदिराचं प्रतिबिंब आधीच फोटोत आहे, त्यावर आकाश चढू देऊ नका.

ऋतू जपा, हे मला कळकळीने सांगायचं आहे. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच काठ्या) निघतात तेव्हा वर बहुधा निरभ्र, कोरडं आकाश असतं, फार तर उंचावर विरळ पिसं. तिथे जुलैचे काळे ढग लावलेले फ्लेक्स मी चौकाचौकांत पाहतो आणि वाईट वाटतं, कारण ज्याने यात्रा अनुभवली आहे त्याला ते आकाश खोटं आहे हे लगेच कळतं. मार्च ते मे सकाळी धुरकट पांढरं, दुपारनंतर पुंजके, आणि एखाद्या संध्याकाळी वळवाचा उंच मनोरा. पावसाळ्यात पश्चिमेकडून सरकणारे तुटक, खाली आलेले ढग. बरेचसे न बरसताच पुढे जातात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेने कृत्रिम पावसाचा प्रयोग २०१८ आणि २०१९ मध्ये सोलापूर परिसरात केला, तो याच ढगांवर. आणि परतीच्या पावसानंतर, धूळ बसलेली असताना, ऑक्टोबरात खरा निळा आणि खरे पांढरे पुंजके.

म्हणून माझा आग्रह असा की सप्टेंबर-ऑक्टोबरात स्वतःचा आकाशांचा साठा करा. हिप्परगा तलावाच्या बाजूला किंवा शहराबाहेर कुठल्याही माळरानावर क्षितिज मोकळं मिळतं. क्षितिज फ्रेममध्ये ठेवा, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा, एक्स्पोजर एक स्टॉप कमी ठेवा म्हणजे ढगाचा उजळ भाग जळत नाही. वाइड लेन्सवर पोलरायझर (आकाश गडद करणारा काचेचा फिल्टर) लावू नका, आकाशात एका बाजूला गडद पट्टा येतो आणि तो नंतर काढणं जिकिरीचं असतं. फाइलच्या नावात वेळ, लेन्स आणि सूर्य डावीकडे, उजवीकडे, समोर की पाठीशी, एवढं लिहून ठेवा. दोन हंगामांत असा साठा होतो की फिल्टरची गरज क्वचितच पडते. आणि सोलापूरच्या जोडप्यामागे सोलापूरचंच आकाश येतं.

एका बाबतीत मात्र तडजोड नको. वर्तमानपत्राला दिलेला फोटो, पावसाची किंवा दुष्काळाची बातमी, पीक नुकसानीचा पुरावा, यात आकाशाला हात लावायचा नाही. अल्बम ही घरची आठवण आहे, तिथे ग्राहकाला सांगून आकाश सजवलं तर काही बिघडत नाही.

छपाईचं सांगून थांबतो. ग्रेडियंटचं काम १६ बिटमध्ये (जास्त छटा साठवणाऱ्या मोडमध्ये) करा, क्लाउड्स फिल्टर तिथेही चालतो. ८ बिटमध्ये निळ्याचे पट्टे पडतात. सगळं झाल्यावर आकाशावर मोनोक्रोमॅटिक नॉइज एक-दोन टक्के द्या. पट्टेही मोडतात आणि कॅमेऱ्याच्या दाण्याशी आकाश जुळतं, कारण संगणकाने काढलेल्या ढगाला दाणा नसतो आणि मूळ फोटोला असतो. शंभर टक्के झूमवर खांद्याची कड आणि आकाश शेजारी ठेवून तपासा. फ्लेक्स किंवा ऑफसेटला सीएमवायकेत (छपाईच्या चार शाईंत) जाणार असेल, तर निळ्यात मॅजेन्टा सायनच्या निम्म्याच्या आत ठेवा, नाहीतर आकाश जांभळं छापून येतं. आणि पूर्ण अल्बम लॅबला पाठवण्याआधी आठ बाय बाराची एक प्रिंट त्याच कागदावर काढून घ्या. ती उन्हात नेऊन पाहा आणि ट्यूबलाइटखालीही पाहा. ढग जास्त वाटले तर मास्कवरची लेव्हल्स अजून तुमच्याच हातात आहे, म्हणून शेवटपर्यंत पीएसडी फ्लॅटन करू नका, म्हणजे सगळे लेअर दाबून एक करू नका.